आधी कळवून अचानक

शिट्टीबाईंचा राग म्हणजे आमच्या गल्लीचा सार्वजनिक नळ. कोणीही यावं, जरा पिळावं, धो धो वाहायला तयार. आयुष्यभर शाळेत व्यायाम शिकवला. बाई निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. कोणी दारासमोर गाडी आडवी लावली, फुर्रर्र. कोणी खिडकीतून कचरा फेकला, फुर्रर्र. नवरा बिचारा थंड डोक्याचा, बँकेतून निवृत्त झालेला. शिट्टी ऐकली की वर्तमानपत्रातून मान न काढता एवढंच विचारतो, "अगं, मी की दुसरं कोणी?"

अशा बाईला सरकारने तुरुंगाच्या देखरेख समितीवर घेतलं. समितीत एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर आणि कायद्यात लिहिलंय म्हणून एक प्रतिष्ठित नागरिक. वरच्या लोकांना वाटलं असणार, शाळेतली बाई आहे, चहा पिईल, बिस्किट बुडवून खाईल, 'सर्व ठीक' म्हणून सही करेल आणि घरी जाईल. माणसं ओळखण्यात सरकार पहिल्यापासून कच्चंच.

त्या तुरुंगात एक वेगळी बराक आहे. दहशतवादविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध केलेली माणसं तिथे ठेवतात. त्यांच्यावर खटला नाही, आरोपपत्र नाही. 'यांच्यापासून धोका वाटतो' एवढं पुरतं. मग अधूनमधून एक मंडळ बसतं, 'अजूनही वाटतो' म्हणतं, आणि मुदत वाढते. या माणसांना आत नीट ठेवतात की नाही, ते समितीने बघायचं. त्यासाठी समितीला अचानक भेट देण्याचा अधिकार आहे. फक्त बराक पडली अतिसुरक्षित, म्हणून अचानक भेट कधी देणार ते आदल्या दिवशी नियंत्रण कक्षाला फोन करून कळवायचं.

"मग ती अचानक कसली?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुम्ही मनात आणलंत ते अचानकच ना, बाई," अधीक्षक साहेब म्हणाले. हसणं असं की साखर कमी पडली तर चहात ढवळावं. "सुरक्षा म्हटली की जरा सांभाळून घ्यावं लागतं."

बाईंनी पहिल्या भेटीत सांभाळून घेतलं. त्याचंच त्यांना पुढे झोंबलं.

झालं असं, की बाई रक्तदाबाच्या गोळ्या घेतात ते औषधांचं दुकान कोपऱ्यावर. तिथे गल्ल्याशेजारी एक मुलगी उभी असते. तिचे वडील घड्याळजी. त्यांचं दुकान एवढंसं, आत माणूस कमी आणि टिकटिक जास्त. त्यांनी दुरुस्त करून दिलेलं एक घड्याळ पुढे नको त्या जागी, नको त्या तारांना जोडलेलं सापडलं. घड्याळ कोणी नेलं ते घड्याळजींना आठवेना. आठवत नाही म्हणजे लपवतोय, आणि लपवतोय म्हणजे धोका. उचलले आणि त्या बराकीत टाकले.

पहिल्या भेटीनंतर बाईंनी त्या मुलीला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "काळजी करू नकोस, पोरी. मी स्वतः बघून आले. खोली स्वच्छ आहे, हवेशीर खिडकी आहे, चांगला उजेड आहे." न्यायाधीशांनी अहवाल लिहिला त्यातही बाईंनी हेच घालायला लावलं.

दुसऱ्या वेळी गोळ्या घ्यायला गेल्या, तर मुलीने पाकीट असं आपटलं की गोळ्यांचाच रक्तदाब वाढावा.

"काय गं, काय झालं?"

"माझे बाबा म्हणतात त्यांच्या खोलीला खिडकीच नाही. भेटीला काचेपलीकडे बसतात ते डोळ्यांवर हात धरून. सारखं एकच, खिडकी नाही, अंधार आहे. तुरुंगातले म्हणतात तुझ्या बापाचं डोकं फिरलंय. का, तर समितीच्या बाईंनी स्वतः खिडकी बघितली आहे! आता मंडळापुढे तुमचाच अहवाल ठेवणार आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवणार. तिथून कोण ऐकणार त्यांचं? मला एवढंच सांगा बाई, माझे बाबा वेडे झालेत की तुम्ही खोटं बोलताय?"

दुकानात माणसं होती. खोकल्याचं औषध मागणारा खोकायचं विसरला. एरवी बाईंना उत्तराला उत्तर सापडायला एक श्वासही लागत नाही. त्या दिवशी त्या पाकीट उचलून तशाच घरी आल्या. शिट्टी नाही, काही नाही.

"अगं, आज शांत?" नवऱ्याने घाबरून विचारलं.

"अहो, मला मूर्ख बनवलंय," बाई म्हणाल्या. "माझ्याच तोंडाने त्या माणसाला वेडा ठरवताहेत. उद्या जाते. अचानक." आणि दात खात नियंत्रण कक्षाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांची कंबर धरली होती आणि डॉक्टरांना नेहमीप्रमाणे वेळ नव्हता, तेव्हा बाई एकट्याच. फाटकावर पर्स घेतली, मोबाइल घेतला, छत्रीसुद्धा घेतली. शिट्टीला कोणी हात लावला नाही. तिथे निम्म्या लोकांच्या गळ्यात शिट्टी, आणखी एक असली तर कोणाच्या डोळ्यांवर येते?

बराकीत लांब बोळ, एका बाजूला खोल्या, प्रत्येकीला गजांचं दार आणि समोरच्या भिंतीत वर खिडकी. खिडक्यांतून उजेड येत होता. फरशी धुतलेली. सगळं कसं वधूपरीक्षेला बसवल्यासारखं. बाई मात्र या वेळी खिडकीकडे नाही, माणसांकडे बघत चालल्या. पहिल्या खोलीतला माणूस कपाळावर हात धरून डोळे बारीक करून बसलेला. दुसऱ्यातला भिंतीकडे तोंड करून. तिसऱ्याने चक्क टॉवेल डोक्यावर घेतलेला.

"यांना काय झालं?"

"डोळे आलेत," अधीक्षक म्हणाले. "साथ आहे."

"अख्ख्या रांगेला? आणि तुमच्या एकाही शिपायाला नाही? भारीच शिस्तीची साथ, फक्त कैद्यांनाच धरते!"

घड्याळजींची खोली शेवटची. बारीक माणूस, बोटं अजून चिमट्यात काहीतरी धरल्यासारखी. बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, काही तक्रार?

घड्याळजींनी आधी साहेबांकडे बघितलं. इथे जो तक्रार करतो त्याचा घरी करायचा फोन बंद होतो, हे रांगेत सगळ्यांना माहीत. पण ज्याला आता वेडाच ठरवायचंय त्याने आणखी भ्यायचं तरी काय? ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात की खिडकी जाते."

साहेबांनी बाईंकडे बघून कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं. "बघितलंत? हेच. खिडकी म्हणे जाते! पाय फुटतात तिला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळतं, की जो बाई वर्गात असताना देव असतो तो बाईंची पाठ वळल्यावर बघायचा असतो.

"एक खुर्ची द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"बसायला. भेट कधी सुरू करायची ते आधी कळवायचं असा नियम आहे, कळवलं. भेट कधी संपवायची याचा काही नियम आहे?"

साहेबांनी बरोबरच्या जेलरकडे बघितलं, जेलरने छताकडे. नियम नव्हता. आजवर कोणी चहाच्या पुढे थांबलंच नव्हतं, तर नियम करणार कशाला?

खुर्ची आली. बाई घड्याळजींच्या दारासमोर बसल्या. चहा आला, परत पाठवला. साहेब थोडा वेळ घुटमळले, मग बाई कंटाळून उठतील या आशेने कचेरीत निघून गेले. दुपार सरली. घड्याळजी हळूहळू डोळ्यांवरचा हात काढायला शिकले. बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "मागे पडतंय तुमचं."

"माझ्या नवऱ्याने दिलंय. दोघंही मागेच पडतात."

किती काळाने कोण जाणे, त्या खोलीत हसू आलं. मग बाईंनी सांगितलं, लेक बरी आहे. तुमच्यासाठी माझ्याशी भांडली. छान भांडते.

दिवेलागणीला पाळी बदलली. आणि आता बघा सरकारी कारभाराची कमाल. इतका कडेकोट बंदोबस्त, पण पाहुणी अजून आतच बसलीय हे बाहेरच्या अंगणातल्या नव्या पाळीला कोणी सांगितलंच नाही. त्यांना ठरलेला हुकूम ठाऊक : भेटीच्या दिवशी सकाळी खिडक्यांवर ठोकलेले पत्रे काढायचे, संध्याकाळी लावायचे. मागे कोणीतरी भिंतीवरून मोबाइल आत फेकला होता, तेव्हापासून हा उपाय. त्यांनी आपली शिडी उचलली.

बाईंना आधी शिडी घासल्याचा आवाज आला. मग पलीकडच्या टोकाची खिडकी काळी झाली. मग तिच्या अलीकडची. धाड धाड हातोडा, बाहेर कोणी मजेत गाणं गुणगुणतोय, आणि आत एकेक खोली विझत चाललेली. रांगेत कोणी ओरडलं नाही. रोजचंच होतं त्यांना.

"आता माझी," घड्याळजी म्हणाले.

पत्रा बसला. बोळातले दिवे अजून लागले नव्हते, काळोख झाला. बाईंना स्वतःचा हात दिसेना. आणि त्या काळोखात त्यांनी काय केलं असेल? छातीत होती नव्हती तेवढी हवा भरली आणि शिट्टी फुंकली.

शाळेच्या मैदानावर त्या शिट्टीने पोरं थांबायची. तुरुंगात शिट्टी म्हणजे कैदी पळाला! भोंगा वाजला, फाटकं आपोआप बंद झाली, शिपाई धावले, आणि सगळ्यांत पुढे अधीक्षक साहेब, शर्टाची एक बाजू बाहेर. ते बोळात शिरले आणि मागचं लोखंडी दार बंद झालं. गजर झाला की सगळी डोकी मोजून होईपर्यंत जो जिथे असेल तो तिथे, हा साहेबांनीच केलेला नियम. भोंग्याबरोबर बराकीची वीजही तुटते, तोही त्यांचाच. तेव्हा साहेब तिथेच, बाईंच्या शेजारी, काळोखात.

"साहेब, आलात? बरं झालं," बाईंचा आवाज आला. "आता दाखवा खिडकी."

"बाई, हे... सुरक्षेच्या दृष्टीने..."

"सुरक्षेचं नंतर. खिडकी दाखवा. बोट करून दाखवा."

"वरून आदेश आहेत, मी काय करणार..."

"मोबाइल अडवायचा तर जाळी लावता येते. बारीक जाळी. मोबाइल येत नाही, उजेड येतो. हे तुम्हाला सुचलं नाही, असं मला सांगू नका. माणसाला काळोखात कोंडायचं, काळोख आहे म्हणाला तर वेडा म्हणायचं, आणि साक्षीला मला उभं करायचं? मला? तुमच्या वयाची पोरं मी उन्हात कोंबडा करून उभी केली आहेत! आता सांगा, इथे वेडं कोण आहे?"

टोकाच्या खोलीतून कोणीतरी खाकरलं, ते खाकरणं नव्हतं, हसणं होतं. मोजणी संपेपर्यंत साहेब तिथेच उभे होते, आणि बाई बोलत होत्या. एरवी गल्लीला त्यांच्या बोलण्याचा त्रास होतो. त्या दिवशी मात्र ते अगदी योग्य पत्त्यावर पोचलं.

बाई बाहेर पडल्या त्या थेट दुकानात. "पोरी, तुझे बाबा शंभर टक्के शहाणे आहेत. खोटं मी बोलले. माहीत नसताना बोलले, तरी बोलले." मुलीने बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः मागच्या कपाटाकडे तोंड करून बराच वेळ बाटल्या नीट लावत राहिली.

मंडळ बसलं. बाईंनी पुढे जाऊन सगळं सांगितलं. न्यायाधीशांनीही कंबर धरत धरत, आपला आधीचा अहवाल चुकला म्हणत, दुजोरा दिला. मंडळाने मान्य केलं : घड्याळजी वेडा नाही. त्याच्या खिडकीला पत्र्याऐवजी जाळी लावावी. आणि ज्याअर्थी त्याची बुद्धी शाबूत आहे, त्याअर्थी त्याच्यापासून धोकाही शाबूत आहे, सबब मुदत वाढवावी.

बाकीच्या खिडक्यांचं काय? त्यांची तक्रार मंडळापुढे नव्हती. आणि बाईंचं? सरकारने त्यांचे आभार मानले आणि त्यांच्या जागी एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक घेतले. ते चहात बिस्किट बुडवतात.

त्या दिवशी बाई घरात अशा फिरल्या की भांडी आपणहून बाजूला होत होती. "जाळी! एक जाळी! बाकीचे काय वटवाघळं आहेत? आणि शहाणा म्हणून आत ठेवणार! अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," नवरा म्हणाला. मग वर्तमानपत्र खाली ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा असेल, त्याने मुद्द्याचं विचारलं. "अगं, पत्रे काढतात ते तू गेल्यावर की तू फोन केल्यावर?"

बाई जागच्या जागी थांबल्या.

फोन नियंत्रण कक्षात जातो. कक्ष बराकीला सांगतो, उद्या भेट. सकाळी पत्रे निघतात. पाहुणा समितीत आहे की नाही ते फाटकावर बघतात, आणि तोवर पत्रे निघालेले असतात. भेट झाली नाही तरी संध्याकाळपर्यंत ते कोणी लावत नाही, न जाणो, ती बाई आतच बसली असेल.

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "उद्या अचानक भेटीला येतेय," त्या गुरगुरल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या शिपायाने हात जोडले.

"बाई, तुम्ही आता समितीत नाही ना."

"माहीत आहे. पत्रे काढलेत?"

"सकाळीच काढले, पण..."

"मग झालं. चालले मी."

आता आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांना अचानक भेटीची हुक्की येते. खोकलेवाल्याचा आवाज जाड, तो डॉक्टर म्हणून शोभतो. नवराही एकदा न्यायाधीश झाला, कंबर धरल्याच्या आवाजासकट. साहेबांना संशय आहे, पण एखादा फोन खरा निघाला तर, या भीतीने पत्रे निघतातच. औषधांच्या दुकानातली मुलगी भेटून आली की सांगते, बाबा म्हणाले, आज पूर्ण रांग उजेडात होती.

आम्ही हसतो. बाई हसत नाहीत. परवा कोणीतरी म्हणालं, काय झकास जिरवली त्यांची! तशा त्या उसळल्या. "कसली जिरवली? तो निर्दोष माणूस आत आहे, मी बाहेर आहे, आणि माणसांना दिवस दाखवायला मला रोज खोटं बोलावं लागतंय. कायदा आहे, समिती आहे, मंडळ आहे. यातल्या एकाने आपलं काम केलं असतं तर मी घरी बसून तुमच्या गाड्यांवर शिट्ट्या मारल्या असत्या!"

मग फोन उचलला, घसा खाकरला, आणि आम्हाला बोटाने गप्प बसवलं. पलीकडे घंटी वाजत होती.