फेलिमची शीळ आणि ग्रॉन्याची कवळी

शहात्तराव्या वर्षी फेलिम लावेलच्या तोंडात समोरचे दोनच दात उरले होते, पण त्या दोन दातांवर त्याचा अख्खा धंदा चालायचा. दोघांच्या मधे फट होती, आणि त्या फटीतून तो घालायचा ती शीळ डोंगराच्या पार वरच्या उतारावर मॉसला ऐकू जायची. मॉस म्हणजे त्याची काळी-पांढरी कुत्री. एक लांब शीळ म्हणजे डावीकडून जा, दोन तुटक म्हणजे उजवीकडून, आणि खाली घसरत जाणारी म्हणजे आहेस तिथे बस. त्याच्या बापाची शीळ हीच होती, आणि फटही. रविवारी चर्चमधे फेलिमला शिंक आली की दाराबाहेर बसलेली मॉस उठून डावीकडे पळत सुटते, असं शेजारचा मायली रुआन सांगायचा. मायली सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं.

मग जुलैत नातीचं लग्न निघालं. फेलिमची मुलगी ग्रॉन्या गॉलवे शहरात असते. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि घरी आल्यावरही ते पद सोडत नाही.

"डॅडी, फोटोत तुम्ही पडक्या फाटकासारखे दिसाल," ती म्हणाली, आणि त्याला गाडीत घालून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन दात गेले, वरखाली चकचकीत कवळी आली. लग्नाच्या फोटोत फेलिम जुन्या घराला नव्या खिडक्या बसवाव्यात तसा दिसतो. सगळे म्हणाले, झकास.

घरी परतल्यावर तो अंगणात उभा राहिला आणि त्यानं मॉसला शीळ घातली. फुस्स. मॉसनं मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, रेडिओ मधेच खरखरायला लागल्यावर आपण बघतो तसं. त्यानं कवळी काढून बघितली, नुसता वारा. मग मायलीच्या सांगण्यावरून मेंढपाळांची पत्र्याची शिट्टी आणली. पहिल्याच फुंकरीला शिट्टी आणि कवळी दोन्ही उडून काटेरी झुडपात गेल्या. मॉसनं इमानानं कवळी आणून दिली. शिट्टी मात्र आणली नाही.

"तिला कळतं रे, काय कामाचं आणि काय नाही," मायली म्हणाला.

"तू घरी जा, मायली."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण सप्टेंबरचा दुसरा शनिवार जवळ येत होता. त्या दिवशी डोंगरावरची सगळी मेंढरं खाली आणायची असतात. डोंगर गावाच्या सामाईक मालकीचा. फेलिमच्या लहानपणी बावीस घरांची मेंढरं त्यावर चरायची. त्या दिवशी अख्खं गाव वर चढायचं, बायका सोडा-ब्रेड आणि चहाचे डबे घेऊन दगडी गडग्याच्या आडोशाला बसायच्या, आणि खाली आल्यावर कुठली मेंढी कुणाची यावरून वर्षाची भांडणं एका दुपारीत उरकून घ्यायची. आता तीनच घरं राहिली: फेलिम, मायली आणि मायलीची पुतणी डर्वला, जी डब्लिनहून परत आली, सकाळी संगणकावर कुठल्याशा कंपनीचं काम करते आणि दुपारी चारचाकी मोटरसायकलवरून मेंढरांमागे फिरते. बावीस घरांचे डोळे होते तिथे आता वरून उपग्रह बघतो, आणि कुणाच्या बांधावर किती झुडपं वाढली याची चौकशी सरकारी पत्रानं येते.

मेंढ्यांच्या कानातही आता पिवळे बिल्ले आले. पूर्वी प्रत्येक घराची कानाला खाच असायची. लावेलांची डाव्या कानाला एक, रुआनांची उजव्या कानाला दोन. सरकारचा बिल्ला असूनही फेलिम अजून खाच पाडतो. "बिल्ला काट्यात अडकून निघतो," तो म्हणतो. "खाच गळून पडल्याचं कधी ऐकलंय?"

गेल्या वर्षी असाच मेंढरं आणताना तो दलदलीत मांडीपर्यंत रुतला होता. मॉस धावत जाऊन मायलीला घेऊन आली म्हणून निभावलं. ग्रॉन्या ते विसरली नव्हती. शीळ गेल्याचं तिला कळलं, आणि कुणी सांगितलं हे वेगळं सांगायला नको, तेव्हा तिचा फोन आला.

"कुत्री तुमचं ऐकत नसेल तर तुम्ही एकटे डोंगरावर जायचं नाही. बास. शनिवारी मी येते. मॉसनं तुमचं ऐकून कळप खाली आणला तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर ऑक्टोबरच्या बाजारात मेंढरं विकायची, आणि तुम्ही गॉलवेला यायचं."

"गॉलवेला मी काय करू?"

"आराम."

"आराम मेल्यावर आहेच की. तेव्हा कुठं मला उठून मेंढरं बघायचीत?"

पण फोन ठेवल्यावर त्यानं कॅलेंडरवर शनिवारपर्यंतचे दिवस मोजले. ग्रॉन्या शब्दाची पक्की. ते तिनं त्याच्याकडूनच घेतलं होतं.

तोड काढली डर्वलानं. गेल्या सप्टेंबरात तिनं फोनवर चित्रीकरण केलं होतं, त्यात फेलिमच्या सगळ्या शिळा पहिल्यापासून शेवटपर्यंत होत्या. "माझ्या मोटरसायकलला भोंगा बांधू आणि वाजवू. शीळ तुमचीच, कुत्रीही तुमचीच. ग्रॉन्याला हरकत घ्यायला जागाच नाही."

शनिवारी सकाळी डोंगराच्या टोकावर ढग बसला होता. फेलिम आणि मायली पायी, आणि डर्वला भोंगा बांधलेल्या मोटरसायकलवरून, मधल्या गडग्यापर्यंत चढले. खाली रस्त्याकडेला मेंढवाड्याच्या फाटकाशी ग्रॉन्याची लाल गाडी उभी होती, आणि गाडीशेजारी कमरेवर हात ठेवलेली ग्रॉन्या. एवढ्या लांबूनही ते हात दिसत होते.

डर्वलानं बटण दाबलं. गेल्या वर्षीची शीळ खणखणीत वाजली. मॉसचे कान टवकारले आणि ती बाणासारखी सुटली. फेलिमचा जीव भांड्यात पडला. मग त्याच्या लक्षात आलं की ती तळ्याकडे चालली आहे.

"अगं, मेंढरं उत्तरेच्या अंगाला आहेत!"

"गेल्या वर्षी तळ्याकडे होती ना!"

"मग बंद कर!"

"केलं! पण पुढची शीळ आधीच गेली!"

तळ्याकाठी मॉसला मेंढरं दिसेनात. पण शीळ म्हणते आण, म्हणजे आणायचं. थोड्या वेळानं झुडपांमागून तांबड्या रेनकोटातले तिघं जर्मन प्रवासी पाठीवर पिशव्या घेऊन चांगल्या वेगानं खाली येताना दिसले. मागे मॉस, पोट जमिनीला लावून. एकजण कडेला सटकू बघत होता, त्याला तिनं अगदी अदबीनं परत रांगेत घातलं. गडग्यापाशी आणून बसवल्यावर ती फेलिमकडे बघून शेपटी हलवायला लागली.

मायली गडग्यावर पोट धरून बसला होता. "जात चांगली आहे, फेलिम. पण यांच्या कुठल्या कानाला खाच पाडायची?"

डर्वला प्रवाशांची माफी मागत होती. फेलिम हसला नाही. खाली ग्रॉन्या गाडीत बसायला निघाली होती, आणि तो मायलीकडे असा बघत राहिला की मायलीलाच अवघडल्यासारखं झालं.

"काय म्हणालास?"

"गंमत केली रे. खाच..."

फेलिमनं तोंडातून कवळी काढली. उजेडात धरली, फिरवली. "डर्वला, तुझ्या पेटीत मेंढ्यांचे खूर घासायची कानस आहे का?"

कानस होती. फेलिम दगडावर बसला, कवळी गुडघ्यात धरली आणि समोरच्या दोन दातांच्या मधे डावीकडून घासायला लागला. पांढरा भुगा त्याच्या पाटलोणीवर पडत होता. प्रवासी तोंड उघडं ठेवून बघत होते. घरी जाऊन सांगायला त्यांना आयुष्यभराचं मिळालं. त्यानं कवळी ओढ्यात खळबळून तोंडात घातली.

पहिल्यांदा फस्स. दुसऱ्यांदा किटली उकळल्यासारखं काहीतरी. तो परत बसला, आणखी चार हात मारले. तिसऱ्यांदा शीळ निघाली ती थेट ढगात घुसली.

मॉस ताडकन उठली. लांब शीळ, डावीकडे. दोन तुटक, उजवीकडे. कुत्री ढगात नाहीशी झाली आणि बराच वेळ काहीच दिसेना. मग ढगाच्या कडेतून एक मेंढी निघाली, मग तीन, मग ओघळच लागला, आणि सगळ्यात मागे मॉस, जसं काही सकाळपासून हेच चाललं होतं. कळपामागून खाली मेंढवाड्याजवळ आल्यावर फेलिमनं घसरती शीळ घातली. ती मधेच जराशी फाटली, पण मॉस बसली. डर्वलानं फाटक लावलं. चौऱ्याऐंशी मेंढरं, एकही कमी नव्हतं.

ग्रॉन्या समोर येऊन उभी राहिली.

"डॅडी, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

त्यानं उघडलं. तिनं बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "अहो, पाच आठवडे फेऱ्या मारल्या मी त्या डॉक्टरकडे!"

"चांगलीच बनवलीय गं. फक्त खूण नव्हती तिच्यावर," फेलिम म्हणाला. "आता डोंगरात कुठेही पडली तरी लोक आणून देतील. डावीकडे एक खाच. लावेलची."

मायली फाटकाआड तोंड लपवून हसत होता. ग्रॉन्या हसली नाही. ती कळपाकडे बघत राहिली, मग मॉसकडे. लहानपणी ह्याच फाटकावर बसून तिनंही वर्षानुवर्षं त्या शिळा ऐकल्या होत्या.

"बाजाराचं काय मग?" फेलिमनं हळूच विचारलं.

"शेवटची शीळ फाटली तुमची," ती म्हणाली. "फट अरुंद आहे. आजोबांची याच्या दुप्पट होती." तिनं त्याच्यापुढे हात पसरला. "काढा ती कवळी. आणि डर्वला, कानस कुठेय?"