दादांच्या गाडीचा टप

तमाम उज्जैनकरांस, त्यांतही विशेषकरून या शहरात नांदणाऱ्या जावयांस, जड अंतःकरणाने व पूर्ण शुद्धीत जाहीर करण्यात येते की, माधव नगरातील एका गच्चीवर एकोणीस वर्षे उताणा पडलेला मोटारीचा टप गेल्या वैशाखात पुन्हा मोटारीवर चढला. या घटनेचे परिणाम गंभीर झाले. एका वृद्धाची अब्रू गेली, एका सज्जनाचे तीस वर्षांचे स्वप्न ऐन ओठांपाशी येऊन लटकले, आणि प्रस्तुत लेखकाला इतका आनंद झाला की लाज वाटायला अजून सवड मिळालेली नाही.

वृद्ध म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. सज्जन म्हणजे माझे मोठे साडू. आणि मी धाकटा जावई. लाडका.

दादांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते. त्याला दोनशे वर्षं होऊन गेली, पण दादा अजून चहाचा कप अशा ऐटीत धरतात की जणू आत्ताच दरबार बरखास्त झालाय. त्यांची जीभ म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. समोरच्याला लागलंय हे त्याला घरी गेल्यावर कळायचं. आणि या वस्तऱ्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे साडूबुवा. ते सांगलीकडचे, बँकेच्या नोकरीत बदली होऊन इकडे आलेले, उंचीने बेताचे, बोलायला त्याहून बेताचे. लग्नाला तीस वर्षं झाली तरी दादा त्यांना ‘बँकवाले’ म्हणतात. मला मात्र पहिल्या दिवसापासून ‘जावईबापू’. मी काय केलं होतं? काही नाही. दादांच्या विनोदांना सगळ्यात आधी हसायचो, एवढंच माझं कर्तृत्व.

साडूबुवांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. दादांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत त्यांना चांगलं म्हणावं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. असलं गुपित माझ्यासारख्या माणसाला सांगू नये.

आता गाडी. दादांनी तरुणपणी कुठल्याशा जहागीरदाराच्या गॅरेजातून उचललेली ती विलायती स्पोर्ट्स कार. बुटकी, हिरवीगार, दोन माणसांची, वरून उघडी. थंडी-पावसासाठी तिला फायबरचा टणक टप होता, म्हणजे सुटं छप्पर. पुढे काचेच्या चौकटीला दोन खटके, मागे चार बोल्ट. हवा तेव्हा बसवा, नको तेव्हा उचलून ठेवा. दादांनी एका उन्हाळ्यात तो उचलून गच्चीवर ठेवला आणि विसरले. सासूबाई विसरल्या नाहीत. उताणा पडलेला एवढा मोठा टप वाया कसा घालवायचा, म्हणून त्यांनी त्यात माती भरून अळू लावलं. पाणी साचू नये म्हणून दादांनी स्वतः ड्रिल घेऊन त्याला पाच भोकं पाडून दिली. त्या छपराचं फदफदं मी कित्येक वर्षं मिटक्या मारत खाल्लंय.

मग दादांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. ऐंशी उलटली की आपल्याकडे हा सोहळा करतात. होम, अभिषेक, जेवणावळ. घरी होम आणि फ्रीगंजच्या हॉलमध्ये जेवण, असा बेत झाला. बैठकीत सगळे केटररवरून भांडत असताना साडूबुवा एकदम म्हणाले, “दादा, तुम्ही हॉलवर तुमच्या गाडीतून जायचं. टप लावून. टप मी दुरुस्त करतो.”

दादांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तुम्ही?” ते म्हणाले. “तीन प्रतींत अर्ज करा. विचार करू.”

मी सगळ्यात आधी हसलो.

पण साडूबुवांनी खरंच केलं. निवृत्त माणूस, हाताशी सकाळ मोकळी. अळू उपटून कुंड्यांत लावलं. माती काढली, मुळं खरवडली. टपाला हातभर लांब तडा गेलेला होता, कडा झिजून गेल्या होत्या, मागची काच पिवळी पडून दुधी झाली होती. त्यांनी मोबाइलवर बघून बघून विद्या शिकली. फायबरच्या जाळीचे तुकडे कापायचे, त्यांवर रेझिन लावायचं, वाळलं की घासायचं. पहिल्यांदा त्यांनी टप स्टुलांवर ठेवून वाळवला तर तो दोन बोटं फाकला. तो सगळा थर खरवडून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला टप गाडीवरच बसवून, खटके लावून, मध्ये प्लास्टिक घालून वाळवला, म्हणजे गाडीच्या अंगाचा आकार धरेल. मागची काच नवी घातली, तिला रबर एका जुन्या बसच्या काचेचं आणून कापून बसवलं. रंग जुळवायला पेट्रोलच्या टाकीचं झाकण खिशात घालून फ्रीगंजमधली दुकानं पालथी घातली.

दादा रोज सकाळी खुर्ची टाकून समोर बसायचे. मीही चहाला जायचो. असा करमणुकीचा कार्यक्रम चुकवायचा नसतो.

“बँकवाले, घासताय की पासबुक भरताय?”

“दादा, घासायचा पाणी-पेपर आहे, ओला करून हळूच मारावा लागतो.”

“हळूच! तीस वर्षं आमच्या मुलीचा संसारही हळूच चाललाय.”

मी पुरवणी जोडायचो, “दादा, जेवायची सुट्टी झाली असेल. काउंटर बंद आहे.”

दादा खो खो हसायचे. साडूबुवाही हसायचे, तोंडावर फायबरची पूड, भुवया पांढऱ्या. दिवसभर अंग खाजवत फिरायचे. आणि टप मात्र दिवसेंदिवस असा देखणा होत चालला होता की एके सकाळी दादा खुर्चीतून उठले, टपाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि काहीच बोलले नाहीत. परत जाऊन बसले.

मला चहा कडू लागला. दादा काही बोलले नाहीत, म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. उद्या हा माणूस ‘शाब्बास’ म्हणाला, तर मी कोण? जो काहीच न करता हसतो, तो.

आतलं अस्तर उरलं होतं. मूळ कापड कधीच कुजलं होतं. साडूबुवांना सुचलं की अस्तर इथल्याच भैरवगढच्या, हाताने ठप्पे मारून छापलेल्या कापडाचं करायचं. लाल जमिनीवर काळी बुट्टी. “दादा नेहमी म्हणतात ना, तुम्हाला उज्जैन काय कळणार,” ते मला म्हणाले. “वर बघतील तर त्यांना उज्जैनच दिसेल.” कापड छापायला दिलं होतं. ते टपाला पॉलिश करण्यात गुंतलेले, म्हणून आणायला मी गेलो.

छापणारे काका कापड घडी करत म्हणाले, “बाबूजी, दो दिन रुक जाओ. ये अभी कच्चा है. आखरी धुलाई बाकी है. गीला हाथ लग गया तो हाथ छप जाएगा.”

“अरे भिया, छत में लगाना है,” मी म्हणालो. “छत को कौन हाथ लगाता है?”

“फिर भी, घर में बता देना.”

“बिल्कुल बता दूँगा,” मी म्हणालो.

नाही सांगितलं. विसरलो असं लिहायला मला आवडलं असतं. विसरलो नव्हतो. स्कूटरवर येताना भैरवगढपासून माधव नगरपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. नेमकं काय होईल ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी होईल या आशेनेच मला शीळ सुचत होती.

साडूबुवांनी टपाला आतून जाड फोम चिकटवला, दादांच्या डोक्याला दणका बसू नये म्हणून. त्यावर ते कापड, सुरकुती न पडू देता, इतकं सुबक ताणलं की मलाही क्षणभर वाईट वाटलं. मग स्वतः आत बसून डोक्यावर हात फिरवून म्हणाले, “चार बोटं जागा आहे. ऐसपैस.”

साडूबुवा पाच फूट तीन इंच. दादा सहा फूट. दादांना ‘जरा बसून बघता का’ म्हणून विचारायची त्यांची छाती नव्हती. दादांना विचारण्याची सोय या घरात फक्त मला होती, आणि मी गप्प होतो.

सोहळ्याचा दिवस. होम झाला, अभिषेक झाला. आम्ही सगळ्यांनी कलशातलं पाणी दादांच्या डोक्यावर ओतलं. मी दोनदा ओतलं, भक्तिभावाने. गुरुजी घाई करत होते, दादांनी कसंबसं अंग पुसलं, कोरं धोतर नेसले, वर कोट, डोक्यावर शिंदेशाही पगडी. गाडीचं दार उघडून ते आत बसायला गेले, आणि पगडी टपाच्या कडेला अडली.

“काढून मांडीवर घ्या, दादा,” साडूबुवा अजिजीने म्हणाले. “हॉलवर उतरलात की घाला.”

दादांनी पगडी काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली. तुळतुळीत, ओलं टक्कल फोमला जाऊन टेकलं. टेकलं म्हणजे रुतलं. दादांनी मान वाकवणं मान्य केलं नाही. ते ताठ बसले.

साडूबुवा चालवायला बसले. मी बायकोला मागे बसवून, पगडी तिच्या मांडीवर ठेवून, स्कूटरने गाडीच्या मागे निघालो. टप सुंदर बसला होता. रस्त्याने लोक थांबून बघत होते. दादांना ते इतकं आवडलं की त्यांनी सरळ हॉलवर जायचं सोडून फ्रीगंजच्या घड्याळाच्या टॉवरला दोन चकरा मारायला लावल्या. भर दुपारचं ऊन, बंद टप, काचा वर. मागच्या गोल काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. दर स्पीड ब्रेकरला ते वर उडायचं आणि कापडावर दाबून बसायचं. भैरवगढचा कारागीर ठप्पा मारतो ना, वरून मुठीने ठोकून, अगदी तसं. मी मोजत होतो. सात.

आणि मग मला दिसलं की दादांनी उजवा हात उचलून साडूबुवांच्या खांद्यावर ठेवला.

बायको म्हणाली, “बघितलंत? दादांनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला!”

“बघितलं,” मी म्हणालो. “पगडी नीट धर.”

हॉलच्या दारात सगळा गोतावळा जमलेला. ग्वाल्हेरच्या आत्या, इंदूरचे मामा, बँकेतली साडूबुवांची जुनी मंडळी. लेकी ओवाळायला तबकं घेऊन उभ्या. गाडी थांबली. दादा आधी पाय, मग काठी, मग स्वतः, असे बाहेर आले. सरळ उभे राहिले. एक हात टपावर ठेवला, हिरव्या रंगावरून मायेने फिरवला, आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“थांबा,” ते म्हणाले. “ओवाळायच्या आधी मला एक सांगायचंय. सगळ्यांसमोर. आमचे हे बँकवाले...”

साडूबुवा गाडीला वळसा घालून पुढे आले होते. हात जोडलेले.

सगळे दादांकडे बघत होते. पण दादांच्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं. कपाळाच्या वरपासून पार मागेपर्यंत, त्या टकलावर लाल रंग चढला होता, आणि त्या लालीवर काळ्या बुट्ट्या उठल्या होत्या. काही पुसट, काही एकावर एक, पण मधली ओळ अशी स्वच्छ की भैरवगढच्या काकांनी पाठ थोपटली असती. एक घामाचा ओघळ लाल होऊन कानामागून कोऱ्या कोटात उतरत होता.

ग्वाल्हेरच्या आत्यांनी पदर तोंडात कोंबला. तो पुरला नाही. त्यांच्या नाकातून जो आवाज निघाला, त्याने बांध फुटला. बँकेची मंडळी हसली, मामा हसले, ओवाळणाऱ्या लेकींच्या तबकांतली निरांजनं हलून विझली. पन्नास वर्षं ज्या माणसाने लोकांना दुसऱ्यांवर हसवलं, त्याच्यावर सगळे एकदम हसत होते, आणि काय झालंय हे त्या एकट्यालाच ठाऊक नव्हतं. मी? मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या शेवटी हसलो. चव घेत.

दादांनी डोक्यावरून हात फिरवला. तळवा लाल. वाकून गाडीच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताठ झाले. मी लगबगीने पुढे होऊन पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला, पण बोलले साडूबुवांनाच.

“तीस वर्षं बँकेत शिक्के मारलेत,” ते गरजले, “तेवढ्यानं हौस फिटली नाही? आज माझ्या टाळक्यावर मारलेत?”

पुन्हा हशा. साडूबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या सांगलीच्या बहिणीसुद्धा हसत होत्या. मला वाटलं, आता हा माणूस रडेल किंवा माफी मागेल, कारण तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण त्यांना शिव्या ऐकूच आल्या नसाव्यात. ते दादांच्या तोंडाकडे, जिथे ते वाक्य अर्धं राहिलं होतं, नेमकं तिथे बघत होते. जोडलेले हात तसेच. आणि त्या सगळ्या हशाच्या वर त्यांचा आवाज फुटला, सबंध फ्रीगंजने ऐकावा असा:

“दादा, ते डोक्याचं राहू द्या हो, पण आधी काय सांगणार होतात तेवढं तर पुरं करा!”