एकोणीस दिवसांची दुरुस्ती

आकाराम निकम चोवीस वर्षं फौजेत होता, पण बंदूक त्याच्या हातात यायची ती वर्षाकाठी एकदा, नेमबाजीच्या परीक्षेला. बाकी सगळी नोकरी रेकॉर्ड ऑफिसात गेली. सुट्टीवर आला की गावातली माणसं पारावर त्याच्याभोवती गोळा व्हायची. "हवालदार, लढाई बघितली का रं?" तो खरं तेच सांगायचा, "लढाईत जी माणसं हुती, त्यांची कार्डं बघितली." माणसांचा विरस व्हायचा. कृष्णाकाठच्या त्या गावात घरटी एक फौजी. कार्डाच्या गोष्टी ऐकायला कोण बसणार?

पण आकारामला कार्डांचाच अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता. वरून एकच हुकूम यायचा, की अमुक पलटणीतले, अमुक तारखेच्या आधी भरती झालेले जेवढे जवान असतील, तेवढ्यांच्या कागदावर अमुक बदल करा. हुकूम दोन ओळींचा आणि कागद हजारभर. एका म्हाताऱ्या सुभेदारानं त्याला हे काम शिकवलं होतं. हात लावायच्या आधी कागद किती ते मोजायचं. जुनं खोडून काळं करायचं नाही, नुसती एक रेघ मारायची. आणि बदल केला की तिथल्या तिथं हुकमाचा नंबर टाकायचा, नाही तर चहाला उठलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसतो आणि झालेला बदल पुन्हा करून ठेवतो. चोवीस वर्षांत आकारामच्या स्वतःच्या कागदावर एकही लाल शेरा आला नाही. बायको येसूबाई म्हणायची, "ह्यांच्या ताटात भाकरी वाढली तरी आदी मोजत्यात, मग खात्यात."

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये तो रिटायर होऊन आला आणि पंधरा दिवसांच्या आत साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कारकून म्हणून चिकटला. इथंही कार्डंच. उसाच्या प्रत्येक प्लॉटचं एक कार्ड, त्यावर शेतकऱ्याचं नाव, प्लॉट नंबर, उसाची जात आणि लागणीची तारीख. त्या तारखेवरून पुढं तोडणीची पाळी लागायची. पाळी म्हणजे शेतकऱ्याचा जीव की प्राण. आधी तोड आली तर रान मोकळं होऊन हरभरा साधतो. मागं राहिला तर ऊस उन्हाळ्यात वाळत उभा, आणि मालक बांधावर.

लागणीची तारीख आणायचा चिटबॉय. बांधावर जायचा, विचारायचा आणि चिठ्ठी लिहून ऑफिसात टाकायचा. आता शेतकरी काय तारखा पाठ करून ऊस लावतो? कुणी फौजेतून आलेला सांगायचा "दोन ऑगस्ट", पण पुष्कळ जण सांगायचे "पंचमीच्या तिसऱ्या दिवशी", "राखी पुनवंला", "गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी". चिटबॉय तेच लिहायचा आणि ऑफिसात सणाची तारीख करून कार्डावर चढवली जायची. आकारामच्या टेबलाच्या खणात आधीच्या कारकुनानं त्यासाठी एक तक्ता चिकटवून ठेवला होता. अक्षर मोत्यासारखं, रेघा पट्टीनं मारलेल्या. आकारामनं तो पाहिला आणि खूश झाला. आधीच्या माणसाचा हुकूम नवा येईपर्यंत चालूच असतो, ही फौजेची सवय. त्यानं वर्षभर त्या तक्त्यावरून कार्डं भरली.

पुढच्या साली दसरा झाला, बॉयलर पेटला आणि आठवड्याभरात तोडणीच्या पाळ्यांची यादी गटागटाच्या ऑफिसात लागायची होती. आकारामनं ती तयार करून साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. दिवेलागणीला जेवायला बसला तेव्हा गडी समाधानात होता. येसूबाईनं दिवाळीचा विषय काढला.

"आवं, शिरवळच्या जावयास्नी बोलवाय पायजे. धोंड्याला आलं हुतं, त्येच्यानंतर पाय न्हाई लावला."

"धोंड्याला कवा आलं हुतं?"

"घ्या! तुमी रिटायर हुन आला त्याच साली की. श्रावणाचा धोंडा हुता. मी पुरनाचं धोंडं केलं, तुमी मोजून आठ खाल्लं. आन मग खरा श्रावण लागला. पंचमी किती लांबली हुती! झोक्याचं दोर बांदून पोरी कटाळल्या. मग पंचमीच्या तिसऱ्या दिवशी आपला ऊस लावला न्हाई का आपन?"

आकारामचा घास हातातच राहिला. अधिक महिना पडला की पुढचे सण तारखेनं लांबतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण चोवीस वर्षं इंग्रजी तारखेवर उठून इंग्रजी तारखेवर झोपलेल्या माणसाच्या डोक्यातून ते पार निसटलं होतं. तो खरकट्या हातानं उठला आणि देव्हाऱ्यामागचं जुनं पंचांग काढून बघितलं. खणातल्या तक्त्यात नागपंचमी जुलैअखेरीला होती. पंचांगात ती ऑगस्टच्या मध्यावर गेलेली. तक्ता आदल्या सालचा होता. श्रावणातला सण सांगणाऱ्या प्रत्येकाचा ऊस कार्डावर एकोणीस दिवस म्हातारा झाला होता, आणि पाळीत तेवढाच पुढं सरकला होता.

त्यात येसूबाईच्या नावावर लावलेला त्यांचा स्वतःचा ऊसही होता.

आकारामला भीती वाटली. चीनच्या लढाईत रेकॉर्ड ऑफिसच्या दारापर्यंत बातम्या येत होत्या तेव्हाही वाटली नव्हती, एवढी. चूक झाली हे एक, पण लोक त्याला चूक म्हणणार नव्हते. हवालदारानं आपला ऊस आधी न्यायला तारखा फिरवल्या, असंच म्हणणार होते. आणि गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. यादी लागली की शेतकरी ओरडतात. ते दरसाल ओरडतात.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी तो साहेबांच्या दारात उभा होता. शेतकी अधिकारी फलटणकडचे, शिकलेले, स्वभावानं चांगले, पण घाईचे. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मार्ग काढला, "एवढंच ना? पावसाळ्यात लागण झालेल्या सगळ्या आडसाली कार्डांवर एकोणीस दिवस वाढवा आणि मोकळे व्हा."

"तसं न्हाई चालायचं, साहेब. ज्यानं तारीखच सांगितली, त्याचं कार्ड बरूबर हाय. त्याच्यात एकोणीस दिवस घातलं तर एक चूक निस्तराय जाऊन दुसरी व्हायची."

"मग कुणाचं बरोबर नि कुणाचं चूक, हे कार्डावरून कसं कळणार?"

"कार्डावरनं न्हाई कळत. चिठ्ठ्यांवरनं कळतंय."

चिठ्ठ्या गोदामात खताच्या पोत्यांमागं गठ्ठे बांधून पडल्या होत्या. साहेबांनी तीन दिवस दिले आणि मदतीला विजयमाला बनसोडेला दिलं. विजयमाला वडूजची. कोरडवाहू गावातल्या बौद्ध घरातली मॅट्रिक झालेली ही पहिलीच मुलगी, ऑफिसात टायपिस्ट. जिभेला धार आणि हाताला वेग. पहिला दिवस दोघांचा शिंकण्यात आणि चिठ्ठ्या निवडण्यात गेला. तारखेच्या एकीकडं, सणाच्या एकीकडं. सणाच्या भरल्या अकराशे बेचाळीस. दोघांनी आलटून पालटून दोनदा मोजल्या. मग आकारामनं कोऱ्या कागदावर लिहिलं: "हुकूम क्रमांक एक. ज्या चिठ्ठीवर श्रावणातला सण आहे, तेवढीच कार्डं घेणे. लागणीच्या तारखेत एकोणीस दिवस मिळवणे. कार्डं अकराशे बेचाळीस. एक कमी नको, एक जास्त नको."

"काका, ह्यो हुकूम कुणी काढला?" विजयमालानं विचारलं.

"मीच."

"आन पाळायचा कुणी?"

"मीच. तुमी बी."

दुसऱ्या दिवशी कार्डं काढायला लागले तेव्हा ती नावावरून शोधू लागली. आकारामनं तिला थांबवलं. एकट्या एका गटात सात हिंदुराव होते आणि त्यातल्या तिघांच्या बापाचं नावही एकच. म्हणून चिठ्ठीवरचा प्लॉट नंबर बघायचा, तोच नंबर कार्डावर बघायचा, मग रेघ, मग नवी तारीख आणि लगेच हुकमाचा नंबर. विजयमाला म्हणाली, तारखा सगळ्या आधी बदलू, नंबर शेवटी एकदम टाकू, लवकर उरकंल. आकाराम ऐकेना. दुपारी ती डबा खायला उठली, तिच्या ढिगावर तो बसला, आणि वरची चाळीस कार्डं झालेली आहेत हे त्याला नंबरावरूनच कळलं. ती आली तेव्हा त्यानं नुसतं बोट दाखवलं. "बरं बाई, तुमचंच खरं," ती म्हणाली आणि त्यानंतर तिनं एकही नंबर चुकवला नाही.

मधेच साहेब डोकावले. निम्मं झालं असेल तर तेवढ्या गटांची यादी लावून टाकू, म्हणाले. आकारामनं जुनी यादी कपाटात घालून किल्ली खिशात टाकली होती. "साहेब, निम्मी कार्डं जुनी आन निम्मी नवी, ही यादी कुनासाठीच खरी न्हाई. सगळी हुतील तवाच लावू." साहेब कुरकुरले, पण गेले.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला शेवटचं कार्ड झालं. नंबर पडलेली कार्डं मोजली. अकराशे बेचाळीस. चिठ्ठ्या अकराशे बेचाळीस. विजयमालानं टाळी वाजवली आणि स्वतःच्या पैशानं चहा सांगितला. आकारामला इतकं हलकं वाटलं की त्यानं सहज, आपलं घरचं कार्ड बघावं म्हणून खोक्यातून काढलं.

येसूबाई आकाराम निकम. लागण, दोन ऑगस्ट. रेघ नाही, नंबर नाही.

त्याला आधी वाटलं आपणच चुकलो. मग उमगलं. त्याच्या प्लॉटची चिठ्ठीच नव्हती. घरचाच ऊस, म्हणून चिटबॉयला हेलपाटा नको असं म्हणून त्यानं येसूबाईला विचारून कार्ड थेट भरलं होतं. चिठ्ठी नाही म्हणून ते हुकमात बसलं नाही. हिशेब पुरा जुळला होता, आणि त्याचा ऊस एकोणीस दिवस पुढं होता तो तिथंच होता.

"काय झालं वो काका?" विजयमालानं विचारलं. त्यानं कार्ड तिच्यापुढं सरकवलं. तिनं वाचलं, दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "पण टॅली तर झाली की. आता ह्याला हात लावला तर एक जास्त हुतंय. मग कागदावर लिवावं लागंल, का जास्त झालं ते. तुमचं नाव घालून."

आकारामनं कार्ड परत हातात घेतलं. चहावर साय आली. हे कार्ड गुपचूप बदललं तर टॅली मोडते. नाही बदललं तर सगळं जुळतं. आजवर जे जुळलं ते खरं, यावर त्याचं आयुष्य चाललं होतं, आणि आज पहिल्यांदाच ते तसं नव्हतं. त्याला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कुणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"टॅली झाली म्हंजे खरं झालं असं न्हाई, बाई," तो शेवटी म्हणाला. त्यानं दुसरा कागद घेतला. "हुकूम क्रमांक दोन. कार्ड एक. चिठ्ठी नाही, कारण कारकून आकाराम निकम याने घरचा ऊस म्हणून स्वतः भरले. तक्ता न तपासता वापरण्याची चूकही त्याचीच." खाली सही केली आणि कार्डावर रेघ मारली.

साहेबांनी कागद वाचला. "निकम, हे कुणी मागितलं होतं का? आता तुमच्या कागदावर शेरा मारावा लागेल मला."

"मारा, साहेब. आन यादीसंगट ह्यो कागद बी लावा."

सोमवारी गटाच्या ऑफिसापुढं पन्नासभर माणसं जमली. आकाराम मुद्दाम गेला होता. शिव्या पडायच्याच असतील तर तोंडावर पडाव्यात. एका शिकलेल्या पोरानं यादी वाचली आणि मग खालचा कागद मोठ्यानं वाचला. ज्यांच्या पाळ्या मागं गेल्या होत्या ते गरम झाले. सगळ्यात पुढं हिंदुराव शेळके, नदीपल्याडही ऐकू जाईल अशा गळ्याचा. तो आकारामच्या छातीशी येऊन उभा राहिला.

"म्हंजे तुजा ऊस फुडं गेला हुता?"

"व्हय."

"आन तूच मागं आनलास?"

"व्हय."

"गप बसला असतास तर कुनाला कळलं असतं रं?"

"कुनालाच न्हाई."

हिंदुरावनं मान खाजवली. यादीकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "मग गड्या, माजं बी लिव्ह. म्या चिटबॉयला पंचमी सांगितली खरी. पर लावला हुता गोकुळाष्टमी झाल्यावर."

माणसं पोट धरून हसली. हसता हसता मागून एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, आपल्या बी चिठ्ठीत आठ दिवसांचा घोळ हाय. मग आणखी एक आला. आकारामनं खिशातलं पेन काढलं, पण डोळे भरून आल्यानं त्याला पहिलं नाव नीट लिहिता येईना. दुपारपर्यंत अकरा जणांनी आपापली खरी तारीख सांगितली, आणि त्यातल्या एकाचीही पाळी पुढं आली नाही. अकराच्या अकरा मागंच गेल्या.