केळव्याच्या लग्नातला स्पीकर

रेडिओच्या तारेला कथलाचा डाग देताना येतो तसा जळका वास आला, की मला पालघरच्या स्टेशनजवळचं एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं आणि डोकं तापतं. साठचं दशक संपत आलं होतं. मी भावाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे आणि आम्हाला पहिला ॲम्प्लिफायर घ्यायचा होता. निम्मे पैसे माझ्या शिवणकामाचे होते. तेवढ्या पैशांत त्या दुकानातले दोन जुनेच बसत होते. एकाला चकचकीत जाळी होती, पण जाड तार छेडली की त्याचा स्पीकर खरखरायचा. दुसरा मळकट होता, त्याचा आवाज मात्र थेट छातीत घुमायचा. "दादा, हा मळकाच घेऊ या," मी म्हणाले. "तुला काय कळतंय? लोकांना डोळे हायत," असं म्हणून त्यानं चकचकीत उचलला. केळव्याच्या लग्नात दुसऱ्याच गाण्याला स्पीकर फाटला. अख्खा मांडव हसला. दादानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "बहिणीला अजून वाजवता येत नाय, सांभाळून घ्या." मी गिटारची वायर उपटली, त्याच्या हातात कोंबली आणि सगळ्यांसमोर स्टेजवरून खाली उतरले. आता आम्ही दोघंही म्हातारे झालोय. घरात पंगत बसली की तो हा किस्सा हसत सांगतो, आणि मी भरल्या ताटावरून उठते.