दोन ठिपक्यांचे काम

सगळ्या रायगड जिल्ह्यात संगणकासमोर सर्वांत जास्त तास बसून सर्वांत कमी काम पुरे केलेला माणूस पेणला आमच्या घरासमोर राहत होता, हे मी शपथेवर सांगू शकते. मुलांनो, तुमच्या आईवडिलांना ते आठवतील. तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. सारे गाव त्यांना आखणीवाले म्हणे. आपल्याकडच्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्ती घडवणारे आणि रंगवणारे हात पुष्कळ असतात, पण डोळे काढणारा हात एखादाच असतो. या डोळे काढण्याला आखणी म्हणतात आणि ती अगदी शेवटी होते. मुकुट, दागिने, शेला, पायाशी बसलेला उंदीर, सगळे झाल्याखेरीज आमचे आखणीवाले कुंचल्याला हात लावत नसत. पाटाचा टवका उडालेला दिसला तरी "आधी हा भरा" असे सांगून चहाला निघून जात. दर वर्षी शेकडो गणपती त्यांच्या हातून डोळे उघडून घरोघर जात. आणि याच माणसाने संगणकावर एका मुलीचे चित्र काढले आणि दहा वर्षे तिला डोळे काढले नाहीत.

याचे मूळ त्यांची मुलगी वैशाली. ती पाचवीत माझी विद्यार्थिनी होती. तिच्या मैत्रिणीकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला आणि हिने घरी धोशा लावला की मलाही हवा. दुसऱ्या कुठल्याही गावातल्या बापाने एक तर आणून दिला असता, नाही तर धपाटा दिला असता. आखणीवाले म्हणाले, "तयार माल आपण विकतो, आणत नाय. मी करून देतो." त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अवो, पोरगी खेळ मागते, गणपती नाय." त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: "गणपती काय नि खेळ काय, कोणीतरी हातानं केल्याबिगर होतो काय?" या युक्तिवादात मला आजही चूक काढता आलेली नाही.

त्यांचे मेव्हणे धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात. तिथे मोडीत निघालेला एक संगणक गोधडीत गुंडाळून एस.टी.ने पेणला आला आणि ज्या खोलीत रंगाचे डबे असत तिथे त्याची स्थापना झाली. स्थापनाच म्हणायची, कारण पहिल्या दिवशी वहिनींनी त्याला हळदकुंकू लावले आणि ते कळफलकात सांडले. मेव्हण्यांनीच कुठूनतरी एक प्रोग्रॅम मिळवला. तो स्वतः खेळ नव्हता. चित्रे, आवाज आणि हालचाल एकत्र बांधून आपला खेळ आपणच तयार करायची सगळी हत्यारे त्यात होती. खेळांचा कारखानाच म्हणा. पुढे दर वर्ष-दीड वर्षाने त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येई आणि तिच्याबरोबर एक पुस्तिका. पुस्तिकेचे पहिले प्रकरण नेहमी एकच असे: या आवृत्तीत नवीन काय. ते इंग्रजीत असल्यामुळे आखणीवाले रस्ता ओलांडून माझ्याकडे येत, चपला बाहेर काढत आणि म्हणत, "बाई, नवा माल आलाय. वाचा."

मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले, पण असले इंग्रजी कधी शिकवले नव्हते. मी एक वही घातली, मध्ये रेघ मारली, डावीकडे मूळ शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहू लागले. संगणकाला बोट न लावता मी त्या विषयातली जाणकार झाले. एकदा वाचले की आता चित्र पडद्यावर येण्याआधी आत पुरे रंगवता येते आणि मग एकदम पुढे आणता येते, त्यामुळे ते लुकलुकत नाही. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग आम्ही काय करतो? कापड टाकून रंगवतो आणि गिऱ्हाईक आलं की कापड काढतो. ह्यांना आत्ता सुचलं व्हय?" दुसऱ्या वर्षी वाचले की दोन चित्रे एकमेकांना लागली तर ते संगणकाला आपोआप कळते. "आमच्याकडं पण कळतं. मूर्ती मूर्तीला लागली की पोरं आपोआप शिव्या देतात." असे म्हणत, पण घरी जाऊन आधीचे सगळे काम बाजूला सारून पहिल्यापासून सुरुवात करत. जुनेच पुढे का नेत नाही, असे मी विचारले तेव्हा मला अडाणी ठरवून ते म्हणाले, "बाई, नव्या मातीवर जुना रंग बसत नाय."

खेळ असा होता: एक मुलगी डोक्यावर टोपली घेऊन मिठागराच्या बांधावरून चालते, वाफ्यांतले मीठ गोळा करते आणि भरती यायच्या आत घरी पोचते. वाटेत खेकडे. वहिनी खाडीकाठच्या, मिठागरातच वाढलेल्या. त्यांनी पहिल्यांदा पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अगो बाई, ही पलते कशाला? बांध मोडंल ना! मिठागरात कोन पलतं?" झाले, मुलीचे धावणे बंद झाले. ज्यात धावायला मनाई आहे असा जगातला तो पहिलाच खेळ असावा. पुढच्या आवृत्तीत सोळाच्या जागी दोनशे छप्पन्न रंग मिळाले, तेव्हा बांधाच्या चिखलालाच त्यांतले चाळीस लागले. त्यापुढच्या आवृत्तीत एका चित्रातून मागचे चित्र दिसण्याची सोय झाली आणि आखणीवाल्यांनी एक अख्खे वर्ष वाफ्यांतले पाणी आरपार दिसेल असे करण्यात घालवले. वहिनी पाहून म्हणाल्या, "मिठागराचं पानी कवा आरपार दिसतं? तुमी विहीर काढली." मग आवाजाची सोय आली. मीठ ओढतानाचा खरखर आवाज टिपायला ते टेपरेकॉर्डर घेऊन खाडीवर गेले आणि टेपवर तासभर फक्त कावळा घेऊन आले.

या सगळ्या काळात मुलीला डोळे नव्हते. पडद्यावर ती पेरूएवढी. तिचे डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. पण बांध पुरा नाही, पाणी पुरे नाही, मग आखणी कशी होणार? वैशाली पाचवीची दहावीत गेली, दहावीची कॉलेजात गेली. आधी रडायची, मग रुसायची, शेवटी टोमणे मारायला शिकली. "बाबा, घाई नको हां. माझी पोरं खेळतील. नायतर त्यांची." पण खुर्चीमागे उभी राहून बापाच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहण्याचे तिने कधी सोडले नाही, आणि ती मागे उभी नसेल तर त्यांचेही काम पुढे सरकत नसे. मी एकदा जरा कडक आवाजातच म्हटले, "अहो, दोन ठिपके देऊन मोकळे व्हा की!" त्यांनी चष्मा पुसला. "बाई, चाळीस वर्षं बघतोय. डोळे उघडले की गिऱ्हाईक घेऊन जातं."

वैशालीला पाहायला रोह्याची मंडळी आली. मुलगा धाटावलाच कामाला, हसरा, नीटनेटका. कांदेपोहे झाले, आणि मुलाची नजर रंगाच्या खोलीतल्या संगणकाकडे गेली. त्याने कौतुकाने खेळ पाहिला आणि विचारले, "हिला डोळे नाहीत?" वैशाली म्हणाली, "बाबांना वेळ नाय." त्यावर तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "मी काढू का? दोन ठिपक्यांचं तर काम हाय."

आखणीवाले उठून आत गेले ते पाहुणे गाडीला जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. नंतर म्हणाले, "ज्याला थांबता येत नाय त्याला मी पोरगी देनार नाय." दहा वर्षे एका खेळावर घालवलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य फार शोभले. दोन दिवसांनी त्यांचा सूर थोडा उतरला, तो असा: प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आलीच आहे, तिच्यात खेळ पुरा करू, मग लग्नाचे पाहू. रोह्याची मंडळी मात्र उत्तरासाठी रविवारपर्यंतच थांबणार होती. शुक्रवारी वैशाली माझ्याकडे आली. लहानपणी गृहपाठ राहिला की उभी राहायची तशीच दाराशी उभी राहिली. "बाई, मला मुलगा पसंत हाय. बाबा तुमचंच ऐकतात." एवढेच बोलली.

संध्याकाळी आखणीवाले आलेच. हातात पुस्तिका, आजवरची सर्वांत जाड. "बाई, नवा माल. वाचा."

मी चष्मा लावला, वही उघडली, तारीख घातली, रेघ मारली. नवीन काय हे प्रकरण चांगले चाळीस पानांचे होते. मी पाने उलटली, एक, दोन, दहा. मुलांनो, तुमच्या आजीने उभ्या आयुष्यात विद्यार्थ्याला अर्धा गुण जास्तीचा दिला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पुस्तिका मिटली आणि म्हटले, "यात नवीन काही नाही."

"काय नाय?"

"काही नाही. जे आहे ते तुमच्याकडे आधीपासून आहे."

त्यांनी पुस्तिका हातात घेऊन तिचे वजन पाहिले. "एवढी जाड, आणि काय नाय?"

"जाहिराती आहेत," मी म्हटले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. हजारो डोळे काढलेल्या माणसासमोर खोटे बोलणे सोपे नसते. मग "बरं" म्हणाले आणि चपला घालून गेले.

शनिवारी सकाळी त्यांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले आणि रंगाच्या खोलीचे दार आतून लावले. आखणीच्या वेळी खोलीत कोणी नसते. बाहेर आम्ही तिघी ओट्यावर बसलो होतो. वहिनी तांदूळ निवडत होत्या आणि खडे परत तांदळात टाकत होत्या. दोन ठिपक्यांना दीड तास लागला. दार उघडले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ये गो. बस." वैशाली प्रथमच त्या खुर्चीत बसली आणि तिचे वडील मागे उभे राहिले. पडद्यावरच्या मुलीने आमच्याकडे पाहिले, टोपली सावरली आणि बांधावरून चालू लागली. खेकडा आला, वैशालीने चुकवला. भरती आली. मुलगी घरी पोचली. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील. "परत," वैशाली म्हणाली. आखणीवाले वहिनींना म्हणाले, "रोह्याला निरोप धाडा."

लग्न थाटात झाले. त्यानंतर पंधरवड्याने ते पुन्हा माझ्या दाराशी उभे होते, तीच जाड पुस्तिका घेऊन. "बाई, आता खरं वाचा." मी शरमले, पण वाचले, पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता. ते मान डोलवत होते, एरवीसारखे बोलत मात्र नव्हते. एकतिसाव्या पानावर एक कलम होते: आता दोन वेगळ्या गावांतली दोन माणसे टेलिफोनच्या तारेतून एकच खेळ एकत्र खेळू शकतात.

"परत वाचा," ते म्हणाले. मी परत वाचले.

"रोह्याला त्यांच्याकडं फोन हाय?"

"नंबर लावलाय म्हणे. वैशाली सांगत होती, दोन वर्षं तरी लागतील."

"दोन वर्षं," त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. "मग वेळ हाय."

त्यांनी पुस्तिका माझ्या हातून घेतली, ते पान कोपऱ्यात दुमडले आणि उठले. पुस्तकाचे पान कोणी दुमडलेले मला मुळीच खपत नाही. त्या दिवशी खपले.