टीव्हीवर मरणारा आमचा नंदू

माझा मावसभाऊ नंदू इतक्या वेळा मेला होता, की तो खरंच गेल्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "कुठल्या चॅनलवर?"

पलीकडे त्याचा रूममेट होता. बिचारा रडायलाच लागला.

आज नंदूला जाऊन अजून एक वर्ष झालं.

नंदू जन्माने कॅनेडियन. टोरंटोजवळ वाढला, फार्मसी अर्धी सोडली आणि ॲक्टर व्हायला थेट लॉस एंजेलिसला आला.

साल २००१, ९/११च्या अगदी तोंडावर. टायमिंग बघा पठ्ठ्याचं!

त्यानंतर आपल्या रंगाच्या माणसाला टीव्हीवर एकच काम. बॉम्ब ठेवायचा आणि मरायचं.

फारच लक असेल तर दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहायचं. आणि मरायचं.

"ताई, प्रमोशन झालं!" तो फोनवर ओरडायचा. "या वेळी मरायच्या आधी दोन डायलॉग आहेत."

एकदा हीरोला ओलीस धरताना याचं कोपर त्याला लागलं, आणि अतिरेक्याच्या तोंडून पटकन "सॉरी" गेलं. कॅनडात वाढलेला ना! अख्खा सेट हसला, टेक वाया.

मावशी, म्हणजे त्याची आई, यातलं काहीही बघायची नाही.

"पोटच्या पोराला मरताना बघू? काहीतरीच तुझं!"

एपिसोड असला की ती तिकडे टोरंटोला टीव्ही बंद करून बसायची आणि इकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला मला फोन. "तो आला की त्याची दृष्ट काढ."

शूटिंग संपलं की नंदू ड्राइव्ह करून आमच्याकडे यायचा. एका शनिवारी मी मीठमोहऱ्या आणि लाल मिरच्या त्याच्यावरून उतरवून तापल्या तव्यावर टाकल्या.

स्मोक अलार्म असा बोंबलला म्हणता! सगळी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये. फायर ब्रिगेडची गाडी हजर.

एक धिप्पाड फायरमन नंदूकडे बघतच राहिला. "तुला गेल्या आठवड्यात टीव्हीवर उडवलं ना रे?"

नंदूचा चेहरा बघायला हवा होता. खोकत खोकत त्याने सही दिली. त्या माणसाने मागितली नव्हती.

पण आई बघत नाही, हे त्याला लागायचं.

"ताई, एकच रोल असा मिळू दे यार, ज्यात मी शेवटपर्यंत जिवंत आहे. आईला समोर बसवून दाखवीन."

२००७ मध्ये मिळाला. डॉक्टरचा!

मावशी खास विमानाने आली. मी पावभाजी केली. मित्रमंडळी सोफ्यावर, जमिनीवर, मिळेल तिथे.

सीन लागला. पेशंट मेला, नंदू नाही. टाळ्या!

फक्त एडिटिंगमध्ये नंदूचे डायलॉग उडाले होते. आणि चेहराही. दिसली ती नुसती पाठ.

नंदू पाव कुरतडत बसला.

मग मावशी म्हणाली, "पाठ माझ्याच पोराची आहे. ताठ उभा राहा म्हणून लहानपणापासून सांगतेय, ऐकेल तर शपथ!"

सगळ्यांत जास्त नंदूच हसला. निघताना तिच्या पाया पडून म्हणाला, "थांब आई, पुढच्या वेळी चेहरा दाखवतो."

पुढची वेळ आलीच नाही. २००८ मध्ये हार्ट ॲटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती गाढवाने.

सगळं आटोपल्यावर मावशी माझ्याकडे राहिली होती. एका दुपारी चहा घेता घेता म्हणाली, "त्याच्या एपिसोडच्या त्या सीडी तुझ्याकडे आहेत ना? लाव."

"मावशी, अगं त्या सगळ्यांत तो मरतो."

"माहितीये गं. पण तोवर असतो ना?"

मी लावल्या.

तिने एकदाही मान फिरवली नाही. नंदू पडला, की डोळे पुसायची आणि म्हणायची, "पुढची लाव."

नंद्या, आईने तुझं सगळं काम बघितलं रे.

सुखात राहा, राजा. फार आठवण येते तुझी.