कापलेलं कडवं

आमच्या गायन पार्टीत एक रीत होती. गाणं ज्याने रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं, आणि ते आलं की पेटी थांबायची, ढोलकी थांबायची. गायक ते नाव एकट्याने घ्यायचा, मागून कोरस तेच नाव उचलायचा आणि मग सगळी वाद्यं एकदम सुरू व्हायची. टाळ्या नेमक्या तिथं पडायच्या.

पार्टी माझ्या मामाची. मामा बेडसे गावचा. थोडी भातखाचरं, उरलेलं वर्ष मिळेल ते काम, आणि या सगळ्याच्या वर पेटी. भीमजयंतीला आसपासच्या गावांत आमचे कार्यक्रम व्हायचे. गाणी बहुतेक मामाचीच. स्वतःच्या नावाचा त्याला भारी शौक. शेवटचं कडवं जवळ आलं की हात कॉलरकडे जायचा, ती नीट व्हायची, नजर मांडवभर फिरायची.

"आलं बाई यांचं स्टेशन," असं मामी म्हणायची.

"तू तर कधी घेतलं न्हाईस माझं नाव. लोकांना तरी घिऊ दे की."

ते खरंच होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर मामीने मामाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'अवो' एवढ्यावर तिचा संसार चालला.

मी परंदवडीचा, त्याच्या बहिणीचा मुलगा. सुट्टी लागली की बेडश्याला पळायचो. दुपारी मामाच्या पडवीत तालीम चालायची. समोर लेण्यांचा डोंगर, आतून चुलीवरच्या भाताचा वास, आणि मामाचं ओरडणं, "अरं भाच्या, कोरसात हायस ना? मग लाजतोस कशाला, नाव काय चोरीचं हाय व्हय?" तेव्हा मला हसू यायचं. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मामाचं सगळ्यात गाजलेलं गाणं आजीच्या लुगड्याचं. माझी आजी, म्हणजे त्याची आई, दीक्षेला गेली तेव्हा तिच्याकडे पांढरं लुगडं नव्हतं. तिने नेसतं लुगडं धुऊन धुऊन रंग घालवला आणि तेच नेसून गेली.

पांढरं लुगडं आईचं, उन्हात वाळतं दारी,
त्याच्या सावलीत उभी, माझी पिढी सारी.

एका कॅसेटवाल्याला हे गाणं हवं होतं. त्याने मामाला लोणावळ्याला बोलावलं, मीही गेलो होतो. तो म्हणाला, गाणं छान आहे, फक्त शेवटचं कडवं काढू, जागा वाचेल. मामाने समोरचा चहा संपवला, कपबशी नीट ठेवली आणि म्हणाला, "मुंडकं मागं ठिवता आन् धड न्हेता व्हय?" आम्ही उठलो. परतीच्या गाडीत मामा चिक्की खात मजेत होता. वाईट मला वाटलं होतं. कॅसेटवर कोरसात माझाही आवाज आला असता.

पुढं पार्टी पांगली. कोणी वारलं, कोणी शहरात गेलं. मी तळेगावच्या एका कारखान्यात लागलो, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते काम सुटलं. मग शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांसमोर सिनेमाची गाणी म्हणायला लागलो. लोक जेवत असायचे, मी गात असायचो. तिथंच माझ्या लक्षात आलं की आता कॅसेटवाल्याची गरज उरलेली नाही. मोबाईल उभा केला, गायलो, चॅनेलवर टाकलं, झालं. सुरुवातीला कोणी ऐकत नव्हतं. हळूहळू मी शिकलो. पहिली ओळ लगेच यायला हवी, आलाप घेत बसायचं नाही, लांबलं की माणूस बोटाने पुढे सरकतो.

तेव्हा मी लुगड्याचं गाणं गायलो, आणि घोरावाडी स्टेशनच्या बाकावर लोकलची वाट बघत त्याचं शेवटचं कडवं कापलं. गाणं लांबतंय म्हणून कापलं, असं मी मलाच सांगितलं. तेव्हा कोणाला न सांगितलेलं ते इथं लिहितो. लांबी कमी करायला मधलं कडवंही चाललं असतं. मी दोन्ही करून पाहिली होती. शेवटचं कापल्यावर ते गाणं माझं वाटत होतं.

गाणं पसरलं. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून फोन आले, जयंतीच्या तारखा मिळाल्या. रिसॉर्ट सुटलं. लोक विचारायचे, "गाणं तुमचंच का?" मी म्हणायचो, "घरचंच आहे." किती सोयीचं उत्तर! मामाला फोन करून सांगितलं, तुझं गाणं मोबाईलवर आलंय. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. त्याने ऐकलं नाही, पण गावभर सांगितलं मात्र.

नंतरच्या जयंतीला बेडश्यात लहान मुलांचा कार्यक्रम होता. संध्याकाळी, ऊन उतरताना. मुलींनी पांढऱ्या साड्या नेसून मामाचं गाणं बसवलं होतं, त्याच्या मानासाठी. मामा पहिल्या रांगेत, मी शेजारी. गाणं मोबाईलवरून शिकलेलं, हरकतीसुद्धा माझ्याच. मी सुखावलो. मग दुसरं कडवं संपत आलं आणि मामाचा हात कॉलरकडे गेला.

मुली नमस्कार करून खाली उतरल्या.

हात तिथंच राहिला. मामाने आधी स्टेजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "संपलं व्हय? मला वाटलं अजून हाय." शेजारचा एक जण म्हणाला, "आबा, मोबाईलवर एवढंच हाय." मामाने मान हलवली आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मुलींना जवळ बोलावून शाबासकी दिली. मला एक शब्द बोलला नाही, आणि पुढं माझे फोनही घेईना. फोन मामी उचलायची. "झोपलेत," म्हणायची. भर दुपारी, संध्याकाळी, केव्हाही.

मी गाण्याच्या खाली मामाचं नाव लिहिलं आणि ते दाखवायला बेडश्याला गेलो. त्याने मोबाईल लांब धरून पाहिला.

"हे खाली कोण वाचतंय?"

"वाचतात, मामा."

"तू वाचतोस का दुसऱ्याचं?"

गप्प बसण्यात माझी हयात गेली आहे. पण त्या पडवीत ते जमेना. म्हटलं, "लांबलं म्हणून न्हाई कापलं, मामा. तुझं नाव नको होतं मला. एक तरी गाणं माझं असावं वाटलं."

मामाने मोबाईल माझ्या हातात परत दिला. "मग रचायचं की एखादं," तो म्हणाला. "मी काय नको म्हनलो होतो?" आणि आत जाऊन त्याने पेटी आणली. भात्याला चिकटपट्टी लावलेली, दोन सूर मुके.

"तू म्हण," मी म्हणालो.

"माझं नाव मी लय येळा घेतलंय. तुज्या तोंडून ऐकायचंय. आन् आता लाजू नगंस."

मोबाईल भात मापायच्या पायलीला टेकवून उभा केला. मी सगळं गाणं गायलो, आलापासकट. शेवटचं कडवं आलं. पेटी थांबली. मी मामाचं नाव घेतलं, मोठ्याने, आणि थांबलो. रीतीने थांबलो, पण तेव्हाच लक्षात आलं की नाव उचलायला मागं कोरसच नाही. मामाही भाता धरून तसाच. पेटी पुढं सुरू करायची कशी?

तेवढ्यात आतल्या दारातून मामीचा आवाज आला. सुरात नव्हता, पण स्पष्ट होता. मामाचं नाव, पूर्ण, गावासकट.

मामाची बोटं सुरांवर पडायला जरा उशीर झाला. मामी पदर तोंडाला लावून आत पळाली आणि तिथून ओरडली, "बघता काय अवो, वाजवा की!"

चॅनेलवर टाकताना तो उशीर मी कापलेला नाही. मामाचं नावही मी इथं लिहीत नाही, कारण त्याला ते खाली लिहिलेलं आवडत नाही. ते गाण्याच्या शेवटी आहे. तिथवर थांबावं लागतं.